दिव्यांगांची दंतचिकित्सा : परदेश आणि परिसर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर दातांचा विषय निघावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. धर्म, शिक्षण, संघटन असे भारदस्त विषय सोडून दाढदुखीवर काय बोलायचे, असाही प्रश्न मनात येईल. परंतु ज्या घरात सेरेब्रल पाल्सीने जखडलेले मूल आहे, ज्या घरात पंचवीस वर्षांचा मुलगा अजून दोन शब्दांपलीकडे बोलत नाही, त्या घरातील आईला विचारावे. हृदयासाठी डॉक्टर मिळतो, फिट्सवर गोळी मिळते. पण दाढ किडली तर तोंडात हात घालायला कोणी तयार होत नाही. 'याला नागपूरला न्या' असे चंद्रपूरला सांगतात, 'मुंबईला पाहा' असे नागपूरला सांगितले जाते, आणि मग घरातील एखादा शिकलेला भाचा किंवा अमेरिकेतील जावई म्हणतो, 'इकडे घेऊन या, इथे अशा रुग्णांसाठी वेगळे डॉक्टर असतात.' व्यापारी कुटुंबांत हा सल्ला हमखास येतो. नातेवाईक परदेशी आहेत, चार पैसे गाठीशी आहेत आणि लेकरासाठी काहीही करण्याची तयारी आहे. हा सल्ला कितपत उपयोगाचा आणि तो मानावयाचा नसेल तर दुसरे काय करता येईल, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दुखण्याचे स्वरूप समजून घ्यावे लागेल. धडधाकट माणसाचा दात दुखला की तो गालावर हात ठेवतो, लवंग धरतो, दवाखाना गाठतो. ज्याला बोलता येत नाही, तो काय करील? तो जेवण टाकतो. रात्री झोपत नाही. स्वतःच्या हाताला चावतो, भिंतीवर डोके आपटतो, जवळ आलेल्या आईला ढकलतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. मग शांत करणाऱ्या गोळीचा डोस वाढतो. गोळीने तोंड कोरडे पडते, लाळ कमी होते आणि कीड अधिक वेगाने पसरते. दाताचे दुखणे स्वभावाच्या खात्यावर मांडले जाते आणि महिनोन् महिने तेथेच पडून राहते. म्हणून न बोलणाऱ्या माणसाच्या वागण्यात एकाएकी बदल झाला, तर सर्वांत आधी त्याचे तोंड उघडून पाहावे, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात.

शिवाय प्रत्येक व्यंगाचा दातांशी निराळा संबंध आहे. सेरेब्रल पाल्सीमध्ये जबड्याचे स्नायू आपोआप आवळतात, दात दातांवर घासून झिजतात, आणि तोंडात काही जाताच ते घट्ट मिटते. यात मुलाचा हट्ट नसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना दात उशिरा येतात, पण हिरड्यांचा आजार तरुणपणीच गाठतो. त्यांतील अनेकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, आणि काही हृदयदोषांत दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक न दिल्यास तोंडातील जंतू रक्तावाटे हृदयाच्या आतील आवरणापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. फिट्सवरील फेनिटॉइन या जुन्या व स्वस्त औषधाने अनेकांच्या हिरड्या सुजून दातांवर चढतात. (अशा वेळी औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, फिट येऊन पडणे हिरडीपेक्षा महागात पडते.) स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला खुर्चीवरचा प्रखर दिवा आणि यंत्राची घरघर सहन होत नाही. ज्यांना गिळणे जमत नाही, त्यांच्या तोंडातील घाण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. दातांचा प्रश्न हा दिसण्याचा प्रश्न नसून कित्येकदा जिवाचा प्रश्न असतो, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागाची यात आणखी भर आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या जंगलपट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो, तसेच थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया, दिव्यांगत्वाच्या यादीत घातला. सिकलसेलच्या रुग्णास दाढेचा साधा संसर्गदेखील तीव्र वेदनांच्या झटक्यात, म्हणजे ज्याला 'क्रायसिस' म्हणतात त्यात, ढकलू शकतो. त्याला उपाशी, तहानलेले, तासन् तास रांगेत बसविणे हेच मुळात घातक आहे. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तपेशी विळ्याच्या आकारात वळतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. भूल देताना प्राणवायू किंचितही कमी पडून चालत नाही. हे ज्ञान मूल, सिंदेवाही, सावली, गडचिरोली येथील प्रत्येक दंतवैद्याला असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू केले, ही समाधानाची बाब आहे.

कुष्ठरोगाचेही तसेच. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी १९४९ पासून जे कार्य उभे केले, त्याचा परिचय या जिल्ह्यात कोणास करून द्यावा लागत नाही. परंतु ज्याची बोटे वाकली आहेत वा झडली आहेत, त्या बऱ्या झालेल्या माणसाने दात घासण्याचा ब्रश धरावा कसा, हा विचार किती जणांच्या मनात आला असेल? उत्तर अगदी सोपे आहे. ब्रशच्या दांड्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, अथवा सायकलच्या हँडलची रबरी मूठ त्यावर चढवावी. दहा-पाच रुपयांचे काम आहे. हाच ब्रश लकवा झालेल्या वृद्धास आणि हाताला कंप असलेल्या रुग्णासही चालतो.

आता परदेशाकडे वळू. तिकडे काही वेगळे आहे का? निश्चितच आहे. इंग्लंडमध्ये तेथील दंतपरिषदेने २००८ साली 'स्पेशल केअर डेंटिस्ट्री' म्हणजे विशेष गरजा असलेल्या प्रौढांची दंतचिकित्सा ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य केली. ऑस्ट्रेलियातही अशी मान्यताप्राप्त शाखा आहे. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात १९९६ पासून 'मून-एच-सेंटर' नावाचे केंद्र असून दुर्मीळ आजारांत तोंड, जबडा, गिळणे यांवर होणाऱ्या परिणामांचे ज्ञान तेथे एकत्र केले जाते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाने २०१९ साली केवळ दिव्यांगांसाठी एक मोठे केंद्र उघडले. अशा ठिकाणी रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून उचलावे लागत नाही. खुर्चीसकट त्याला मागे कलविणारा मंच असतो. उजेड आणि आवाज कमी करता येणारी खोली असते. पहिल्या भेटीत उपचार होतीलच असे नाही. मूल नुसते खोलीत येते, खुर्चीला हात लावते आणि घरी जाते. दुसऱ्या भेटीत आरसा पाहते. 'सांगा, दाखवा, मग करा' ही पद्धत जगभर शिकवली जाते, तिकडे तिला वेळ दिला जातो इतकेच.

अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. स्टीव्हन पर्लमन यांनी १९९३ मध्ये विशेष ऑलिम्पिकच्या मैदानावरच बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचे दात तपासण्याचा उपक्रम सुरू केला. 'स्पेशल स्माइल्स' या नावाने तो पुढे अनेक देशांत पोहोचला. मैदानावर तंबू, एक आरसा, एक बॅटरी आणि शिकाऊ दंतवैद्यांची तुकडी, एवढ्यावर तो चालतो. त्याचा मोठा लाभ असा की, ज्या विद्यार्थ्याने शिकत असताना अशा पन्नास मुलांच्या तोंडात पाहिले, तो पुढे दवाखाना थाटल्यावर अशा रुग्णास दारातून परत पाठवीत नाही.

तर मग तिकडे जावे का? येथे व्यापारी बुद्धीने हिशेब मांडला पाहिजे. वर सांगितलेल्या सेवा बहुतांशी त्या-त्या देशातील रहिवाशांसाठी रचलेल्या आहेत. इंग्लंडमधील सामुदायिक दंतसेवेकडे रुग्ण तेथील दंतवैद्याच्या शिफारशीने जातो. मूलहून गेलेल्या पाहुण्यासाठी ती व्यवस्था नाही. त्याला खासगी दर मोजावे लागतात. जे मराठी कुटुंब तिकडे स्थायिक आहे, त्याने आपल्या दिव्यांग अपत्यासाठी ही सेवा अवश्य मागून घ्यावी. अनेकांना ती असते हेच ठाऊक नसते. अमेरिकेस उपचारासाठी जावयाचे तर बी-२ व्हिसा लागतो. त्यासाठी येथील डॉक्टरांचे निदान, तेथील डॉक्टरांचे 'आम्ही हा रुग्ण घेऊ, इतके दिवस लागतील, इतका खर्च येईल' असे पत्र, आणि तो खर्च कोण उचलणार याचा पुरावा दाखवावा लागतो. विमान कंपनी प्रकृतीविषयी 'मेडिफ' नावाचा फॉर्म मागू शकते. प्रवासी विमा घेतला तरी पूर्वीपासूनच्या आजारावरील आणि नियोजित उपचारांचा खर्च त्यात सामान्यतः येत नाही. जे मूल गाडीतून चंद्रपूरपर्यंत जाताना कासावीस होते, त्याला वीस-बावीस तासांचा प्रवास करवायचा, हा आणखी एक भाग.

एवढे सारे करून जावे आणि काम एकदाच संपावे, तर कदाचित हिशेब जुळला असता. पण दात हा एकदा खरेदी करून कपाटात ठेवण्याचा माल नव्हे. भरलेला दात निखळतो, हिरडीवर पुन्हा कीट जमते, दर सहा महिन्यांनी, कित्येकांच्या बाबतीत दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. तेथे पूर्ण बेशुद्ध करून एका बैठकीत सारे तोंड दुरुस्त केले आणि परत आल्यावर वर्षभरात दोन दाढा पुन्हा किडल्या, तर पुन्हा विमानात बसवणार का? आणि परतल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा ताप आला, तर त्या उपचाराची काहीही माहिती नसलेल्या स्थानिक डॉक्टरकडेच जावे लागते. ज्या दुखण्याला आयुष्यभर जवळचा माणूस लागतो, त्यावर दूरचा इलाज टिकत नाही. अपवाद आहेत, एखादा अत्यंत दुर्मीळ आजार, ज्याचे निदानच येथे होत नाही, त्यासाठी परदेशातील मत अवश्य घ्यावे. मात्र त्यासाठीही आधी एक्स-रे, छायाचित्रे आणि औषधांची यादी पाठवून पत्रव्यवहाराने मत मागवावे. कागद गेला तर चालतो, माणूस न्यायची घाई करू नये.

येथे एका वेगळ्या वाटेचे स्मरण होते. परदेशातील तज्ज्ञ आपल्या दारी आला, ती वाट. या सभागृहातील ज्येष्ठांना डॉ. शरदकुमार दीक्षित हे नाव आठवत असेल. १९३० साली पंढरपूर येथे जन्मलेले हे प्लास्टिक सर्जन अमेरिकेत स्थायिक झाले. १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येऊन गोरगरिबांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करू लागले. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण, नाक व बाह्य कानाचे दोष, अशा ज्या व्यंगांमुळे मुलीचे लग्न जमत नाही, मुलगा शाळेत जात नाही, त्या व्यंगांवर त्यांचा हात चाले. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या शरीराचा एक भाग अधू झाला आणि ते चाकाच्या खुर्चीला खिळले. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग झाला, ते काढावे लागले. गळ्याशी यंत्र धरून ते बोलत. हृदयविकाराचे झटकेही आले. तरीही ते येत राहिले, खुर्चीत बसूनच शस्त्रक्रिया करीत राहिले. भारत शासनाने २००१ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १४ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. दिव्यांगांवर उपचार करणारा स्वतःच दिव्यांग होता, हे त्यांच्या शिबिरात आलेल्या कित्येक पालकांना खुर्ची पाहिल्यावरच समजत असे.

महाराष्ट्रात त्यांच्या शिबिरांची व्यवस्था भारतीय जैन संघटनेने केली. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली ही संस्था भूकंपग्रस्त मुलांच्या संगोपनामुळे सर्वपरिचित आहे. पण या शिबिरांमागील कार्यकर्त्यांची मेहनत तितकीशी नोंदली गेलेली नाही. डॉक्टर येऊन चाकू चालवितो, हे वर्तमानपत्रात छापून येते. त्याआधी गावोगाव पत्रके वाटणे, रुग्ण शोधणे, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह मिळविणे, रुग्णांच्या राहण्या-जेवण्याची सोय करणे, टाके काढायला पुन्हा कोण येणार याची नोंद ठेवणे हे सारे काम दुकानाची गादी सोडून आलेल्या माणसांनी केले. परदेशी तज्ज्ञ हा या साखळीतील एक दुवा होता; बाकीची साखळी येथील होती.

परंतु शिबिराच्या मर्यादाही स्पष्टपणे पाहिल्या पाहिजेत. दुभंगलेला ओठ एका बैठकीत शिवता येतो. त्यामुळे तो शिबिराला साजेसा आहे. त्याच मुलाचा टाळूही दुभंगलेला असेल, तर कथा लांबते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. त्यानंतर उच्चारांचा सराव. आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा येण्यापूर्वी, हिरडीच्या फटीत हाड बसविणे. मग वाकडे दात तारेने सरळ करणे. आणि वाढ पूर्ण झाल्यावर गरज असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया. पंधरा-सोळा वर्षे हे खाते चालू राहते. ओठ शिवला म्हणजे मूल बरे झाले असे समजून अनेक पालक परत येत नाहीत, आणि मग तेच मूल तरुणपणी नाकात बोलत, पडक्या दातांनी हसणे टाळत वावरते.

ही अडचण ओळखूनच १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'स्माइल ट्रेन' या अमेरिकी संस्थेने परदेशी डॉक्टर पाठविण्याऐवजी स्थानिक सर्जन आणि स्थानिक रुग्णालये यांना प्रशिक्षण व पैसा देण्याचे धोरण ठेवले. मिर्झापूर जिल्ह्यातील पिंकी नावाच्या मुलीवरील 'स्माइल पिंकी' या लघुमाहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा तिचा ओठ वाराणसीतल्या भारतीय डॉक्टरने शिवला होता, हे अनेकांच्या लक्षात राहिले नाही. रुग्णाने परदेशी जाणे, परदेशी तज्ज्ञाने येथे येणे आणि परदेशातील ज्ञान येथील हातांत उतरणे या तीन वाटांपैकी तिसरी सर्वांत कमी गाजते. दातांच्या बाबतीत तीच उपयोगाची आहे.

मग येथील हात कोठे आहेत? मूलपासून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तेथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या शेजारीच. हिंगण्याजवळ दंत महाविद्यालय आणि लता मंगेशकर रुग्णालय एकत्र आहेत. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे १९९१ पासूनचे शरद पवार दंत महाविद्यालय असून त्याच परिसरात आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. मिहानमधील एम्समध्येही दंतविभाग आहे. ही नावे घेताना 'शेजारीच' आणि 'त्याच परिसरात' या शब्दांवर भर देण्याचे कारण आहे. दिव्यांगाचा दंतोपचार पुष्कळदा पूर्ण भूल देऊन करावा लागतो, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि एक रात्र ठेवून घेण्याची सोय लागते. गल्लीतील सुसज्ज दंतदवाखान्यात सुंदर खुर्ची असेल, पण हे नसेल. सामान्य रुग्णालयात हे असेल, पण दंतवैद्य नसेल. दोन्ही एका आवारात मिळणे हेच या शोधातले खरे सूत्र होय.

दुसरी अडचण वयाची. आपल्याकडे 'विशेष गरजा असलेली मुले' हा विषय बालदंतरोग विभागाच्या एम.डी.एस. अभ्यासक्रमात शिकविला जातो. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलासाठी त्या विभागात जावे, हे ठरलेले आहे. तोच मुलगा पंचवीस वर्षांचा झाला, मिशी आली, की त्याचे करायचे काय? प्रौढ दिव्यांगांसाठी इंग्लंडसारखी वेगळी विशेष शाखा आपल्या देशात नाही. तो हिरडीसाठी एका विभागात, मुळासाठी दुसऱ्यात, दाढ काढण्यासाठी तिसऱ्यात फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला नव्याने शांत करावे लागते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संसदेने केला. नवे अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे पालकांच्या संघटनांनी या शाखेची मागणी लावून धरली पाहिजे. तोपर्यंतचा व्यवहार्य मार्ग म्हणजे बालदंतरोग विभागालाच विनंती करणे. जे डॉक्टर त्याला लहानपणापासून ओळखतात, ते सहसा नाही म्हणत नाहीत, आणि पत्र देऊन पुढच्या विभागाला कळवितात.

मुलांसाठी एक दार अगदी गावात येते, त्याची माहिती असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू, डाऊन सिंड्रोम आणि दातांची कीड या तिन्ही गोष्टी आहेत. अडचण अशी की, दिव्यांग मूल पुष्कळदा शाळेतच जात नाही. पथक शाळेत येते आणि मूल घरी खाटेवर असते. त्या दिवशी त्याला उचलून शाळेत न्यावे, एवढे काम शेजारीपाजारी करू शकतात.

कायद्याचेही थोडे पाहू. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्याच्या २५ व्या कलमात, शासन ठरवील त्या उत्पन्नमर्यादेत परिसरातच, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा, शासकीय आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश, आणि तपासणी व उपचारांत अग्रक्रम अशा तरतुदी आहेत. पूर्वी 'अपंग' म्हणत, मग 'विकलांग' आले, आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द बदलले त्या गतीने दवाखान्यांच्या पायऱ्या बदललेल्या नाहीत. पहिल्या मजल्यावरील दंतदवाखान्यात चाकाची खुर्ची कशी चढणार? निदान रांगेतील अग्रक्रम तरी कायद्याचा दाखला देऊन, सौम्य शब्दांत, मागावा. सिकलसेलच्या रुग्णासाठी तर तो औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. त्यासाठी यूडीआयडी हे ओळखपत्र काढून ठेवावे.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून वयाची अट नाही, पूर्वतपासणी नाही, आणि इतर आरोग्यविम्यांत क्वचित आढळणारी प्रतिबंधात्मक दंतोपचारांची तरतूद तिच्यात आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत प्रवासखर्चही मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते विसरू नये. दुसरे म्हणजे, जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्यास अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगाबद्दल ७५,००० रुपये, आणि अपंगत्व ऐंशी टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये इतकी वजावट आयकरात मिळते. पावत्या नीट लावणाऱ्या आपल्या समाजातही ही वजावट न घेणारी घरे आढळतात, कारण प्रमाणपत्र काढणे म्हणजे मुलाचे व्यंग जाहीर करणे, असे त्यांना वाटते. या संकोचाची किंमत मुलगाच मोजतो.

नागपूरला जाण्यापूर्वी घरात करावयाचे काम उरतेच. खाटेवरील रुग्णाचे दात घासताना त्याचे डोके मागे टाकू नये, पाणी श्वासात जाते. त्याला कुशीवर वळवावे किंवा मागे उशी देऊन बसवावे, आपण पाठीमागून एका हाताने हनुवटी धरावी. ज्याला चूळ भरता येत नाही, त्याला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच लावावी आणि नंतर ओल्या कापडाने तोंड पुसून घ्यावे. तोंड आवळून धरणाऱ्यासाठी दोन-तीन लाकडी चपट्या काड्या एकत्र करून त्यावर स्वच्छ कापसाची पट्टी गुंडाळावी आणि ती एका बाजूच्या दाढांमध्ये ठेवावी. बोट घालू नये. फिट्सचे वा खोकल्याचे गोड सिरप रात्री झोपताना दिले तर साखर रात्रभर दातांवर बसते. शक्य असेल तेथे डॉक्टरांना विचारून साखरविरहित औषध किंवा गोळी घ्यावी. आणि 'बिचाऱ्याला एवढाच आनंद' म्हणून दिवसभर पेढा, बिस्कीट भरवणाऱ्या मावशी-आत्यांना घरातील कर्त्याने प्रेमाने पण ठामपणे आवरावे. मोठ्या वयाच्या दिव्यांग मुलांना कोणी गंमत म्हणून खर्ऱ्याची चिमूट देतो, असेही आपल्या भागात घडते. ती गंमत नव्हे.

दवाखान्यात जाताना सध्याची सर्व औषधे पिशवीसह न्यावीत, हृदयाचा वा रक्ताचा जुना अहवाल असेल तो न्यावा, मूल ज्या वेळी सर्वांत शांत असते ती वेळ आधी फोन करून मागावी. स्वमग्न मुलाला त्याचे आवडते पांघरूण किंवा खेळणे सोबत घेऊ द्यावे. डॉक्टरांनी 'सगळे दात काढून टाकू, कटकट मिटेल' असे सुचविले, तर लगेच होकार न देता दुसऱ्या महाविद्यालयात विचारावे. ज्याच्या तोंडात कवळी टिकणार नाही, त्याचे दात काढणे म्हणजे त्याला आयुष्यभर मऊ भातावर ठेवणे होय.

या न्यासाकडे सुवर्णमहोत्सवी वर्षात एक विनंती आहे. त्यासाठी मोठा निधी लागणार नाही. मूल शहरात आणि आसपासच्या खेड्यांत, कोणत्याही जातीधर्माच्या, दिव्यांग व्यक्ती असलेल्या घरांची एक वही करावी. महिन्यातून एकदा चार-पाच जणांना, प्रत्येकी एका पालकासह, गाडी करून नागपूर किंवा सावंगीला न्यावे. विभागाशी आधी बोलून दिवस ठरवून घ्यावा, म्हणजे भूलतज्ज्ञ त्या दिवशी उपलब्ध राहतील. भूल घ्यायची असलेल्या रुग्णाने किती तास काही खाऊ नये, हे रुग्णालय सांगेल ते काटेकोर पाळावे. सिकलसेल असेल तर तसे आधीच कळवावे, म्हणजे शिरेतून पाणी देण्याची व्यवस्था होईल. सोबत जाण्यासाठी समाजातील दोन तरुणांची पाळी लावावी. वहीत नाव, निदान, औषधे, कोणत्या डॉक्टरांनी पाहिले आणि शेवटची दंततपासणी कोणत्या तारखेला झाली, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना आरंभी बहुतेक घरांपुढे कोरा असेल. पहिली गाडी त्या कोऱ्या रकान्यांतील, जेवण टाकलेल्या आणि रात्री न झोपणाऱ्या व्यक्तींना आधी घेऊन निघावी.